आभाळाचा जमाखर्च

बँकेत लागल्यानंतर दोनच वर्षांनी माझी बदली एका तालुक्याच्या गावी झाली. शाखा लहान, पण बाजारपेठ मोठी. हंगामात रोकड साचायची आणि आठवड्यातून एकदा ती जिल्ह्याच्या शाखेत पोचवावी लागायची. जीप, ड्रायव्हर, बंदूकधारी गार्ड, सोबतीला एक अधिकारी आणि एक शिपाई असा सगळा लवाजमा निघायचा. मी तेव्हा नवा, अंगात उत्साह फार. एका संध्याकाळी मी कागदावर दोन रकाने आखले. एकात लिहिला वाटेत आडव्या येणाऱ्या चोराचा खर्च, म्हणजे एक कोयता. दुसऱ्यात आमच्या फेरीचा खर्च. कोयता पंधरा-वीस रुपयांचा आणि आमचा खर्च त्याच्या वीसपट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तसला प्रकार! मोठा शोध लावल्याच्या थाटात मी तो कागद आमच्या हेडकॅशियरपुढे ठेवला. सगळी शाखा त्यांना अण्णा म्हणायची. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, काही न बोलता कागदावर तिसरा रकाना आखला आणि त्यात पेटीतली रक्कम लिहिली. मग जरा विचार करून चौथा रकाना आखला आणि वर लिहिले, वर्षात फेऱ्या किती. कागद माझ्याकडे सरकवून ते पुन्हा नोटा मोजायला लागले.

अण्णांचा तो कागद मला अलीकडे वारंवार आठवतो. २०२२ च्या सप्टेंबरपासून रशियाने युक्रेनवर इराणी बनावटीची शाहेद ड्रोन सोडायला सुरुवात केली. त्रिकोणी पंखांचे, बिनवैमानिकाचे, मोपेडसारखा फटफट आवाज करत येणारे हे यंत्र लक्ष्यावर जाऊन आदळते आणि फुटते. एकाची किंमत, निरनिराळ्या अंदाजांनुसार, २० ते ५० हजार डॉलर. म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी मोटारीइतकी. ते पाडायला पेट्रियट यंत्रणेचे अद्ययावत क्षेपणास्त्र वापरले, तर त्या एका क्षेपणास्त्राला सुमारे ४० लाख डॉलर पडतात. आपल्या रुपयांत ३० कोटींच्या वर! २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात हेच दिसले. येमेनमधल्या हूथी बंडखोरांची स्वस्त ड्रोन पाडण्यासाठी अमेरिकी युद्धनौकांना २० लाख डॉलरच्या आसपास किमतीची क्षेपणास्त्रे उडवावी लागली. वर्तमानपत्रे हे दोन आकडे शेजारीशेजारी छापतात आणि वाचणारा कपाळावर हात मारतो.

पण हे दोनच रकाने झाले. चारही रकाने भरण्याचा प्रयत्न ज्याने आयुष्यभर केला, अशा एका माणसाची गोष्ट आज सांगायची आहे. त्याने निम्मे गणित सोडवले आणि देश वाचवला. उरलेले निम्मे वेळेत सुटले नाही, आणि त्याची खुर्ची गेली. त्याचे नाव ह्यू डाउडिंग.

डाउडिंग यांचा जन्म २४ एप्रिल १८८२ चा, स्कॉटलंडमधल्या मॉफॅट या गावातला. वडील शाळामास्तर, त्यांनी स्वतः काढलेली शाळा होती. मास्तरांच्या घरात वाढलेल्या मुलाला शिस्त आणि काटकसर निराळी शिकवावी लागत नाही. ह्यू विंचेस्टरच्या शाळेत शिकले, मग वूलिचच्या लष्करी अकादमीत गेले आणि १९०० साली तोफखान्यात अधिकारी झाले. जिब्राल्टर, सिलोन, हाँगकाँग असे फिरत ते हिंदुस्थानात आले. इथे काही वर्षे ते डोंगरी तोफखान्यात होते. या तोफा सुट्या करून खेचरांच्या पाठीवर लादून न्यायच्या असत. खेचर किती वजन उचलेल, डोंगरावर दारूगोळा किती नेता येईल आणि तो किती वेळ पुरेल, याचा हिशेब चुकला की वर गेलेली तोफ निरुपयोगी. नुसती तोफ असून भागत नाही, तिच्यामागची शिबंदी चालली पाहिजे, हा धडा त्यांना वायव्येकडच्या डोंगरांत मिळाला असणार.

विमान उडवायला ते शिकले १९१३ साली, इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या विमानतळावर, तेही उधारीवर. परवाना मिळाला की सरकार शिकवणीचे पैसे परत देत असे. तेव्हा आधी शिकवा, सरकारचे पैसे आले की देतो, असे त्यांनी शाळेला पटवले. कर्जप्रकरणे तपासण्यात हयात घातलेल्या माझ्यासारख्याला या प्रकाराचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. तारण काही नाही, फक्त परतफेडीची खात्री!

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये वैमानिकांचे प्रमुख होते. १९१६ साली सोमच्या लढाईत त्यांच्या हाताखालची पोरे रोज मरत होती. थकलेल्या तुकडीला विश्रांती द्या, असा आग्रह त्यांनी वरिष्ठांकडे धरला. वरिष्ठ होते ट्रेंचर्ड, सतत चढाई करत राहण्याचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांना हा आग्रह रुचला नाही. डाउडिंग यांची रवानगी इंग्लंडला, प्रशिक्षणाच्या कामावर झाली. माणूस ही संपत्ती आहे आणि ती एकदा खर्च झाली की परत मिळवायला फार वेळ लागतो, हे म्हणण्याची ही पहिली किंमत.

घरातही दुःख वाट पाहत होते. १९१८ साली लग्न झाले, पुढच्या वर्षी मुलगा झाला, आणि १९२० साली पत्नी क्लॅरिस अचानक वारली. बहीण हिल्डाने घर सांभाळले, डेरेक लहानाचा मोठा झाला. डाउडिंग मात्र आणखीच अबोल झाले. हवाई दलात त्यांना ‘स्टफी’ म्हणत. आपल्याकडे घुम्या म्हणतात ना, तसेच काहीसे.

१९३० साली हवाई दलाच्या साहित्यपुरवठ्याची आणि संशोधनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तेव्हा युरोपभर एक समजूत पक्की होती, की बॉम्बफेकी विमाने कशीही घुसणारच, त्यांना अडवता येत नाही. १९३२ साली स्टॅन्ली बाल्डविन यांनी तसे ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बोलूनही दाखवले होते. ही समजूत निव्वळ भित्रेपणाची नव्हती. तिच्यामागे हिशेब होता. हल्ला करणारा आपली वेळ आणि जागा निवडतो. अडवणाऱ्याला मात्र सगळ्या वेळी सगळीकडे हजर राहावे लागते. लढाऊ विमानाचे इंधन जेमतेम तास-दीड तासाचे. किनाऱ्यावर रात्रंदिवस पहारा ठेवायचा तर विमाने, इंधन आणि वैमानिक इतके लागले असते की कोणत्याही खजिन्याचा तळ दिसावा.

१९३५ च्या सुरुवातीला सरकारी शास्त्रज्ञ रॉबर्ट वॉटसन-वॅट यांच्याकडे विचारणा झाली, की रेडिओलहरींनी शत्रूचा वैमानिक मारता येईल का? त्यांचे सहकारी आर्नल्ड विल्किन्स यांनी गणित करून सांगितले की ते अशक्य आहे. पण विमानावर आपटून परतलेल्या लहरींवरून ते कुठे आहे हे कळू शकेल. संशोधनासाठी पैसे मागितले गेले. डाउडिंग यांनी आधी प्रत्यक्ष दाखवा अशी अट घातली. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी, डॅव्हेंट्रीच्या बीबीसी केंद्रापासून जवळच्या एका शेतात, एका गाडीत ठेवलेल्या उपकरणाच्या पडद्यावर हिरवी रेघ हलली. आठ मैलांपर्यंतचे विमान त्या रेघेने ओळखले होते. दहा हजार पौंड मंजूर झाले. खजिन्यातून बाहेर पडलेल्या दहा हजार पौंडांचे इतके व्याज क्वचितच कुणाला मिळाले असेल.

१४ जुलै १९३६ रोजी लढाऊ विमानांचे स्वतंत्र दल, फायटर कमांड, स्थापन झाले. डाउडिंग त्याचे पहिले प्रमुख. लंडनजवळ बेंटली प्रायरी या जुन्या वाड्यात त्यांनी कचेरी थाटली आणि पुढच्या चार वर्षांत एक अजब कारखाना उभा केला. माल एकच, बातमी. किनाऱ्यावर रडारचे उंच मनोरे. समुद्र ओलांडून विमान आत आले की डोळ्यांनी आणि कानांनी टिपणारे सुमारे तीस हजार निरीक्षक. त्यांत शिक्षक, दुकानदार, शेतकरी, निवृत्त माणसे. तिथून टेलिफोनच्या तारा. सगळ्या बातम्या एका खोलीत येऊन चाळल्या जायच्या, खरे-खोटे निवडले जायचे, आणि मोठ्या नकाशाच्या टेबलावर गणवेशातल्या मुली लांब काठ्यांनी रंगीत खुणा सरकवायच्या. विमान जमिनीवरून उठायचे ते शत्रू कुठे आहे हे कळल्यावरच. पहाऱ्याचा सगळा खर्च वाचला. महाग वस्तू वाचवायची असेल तर स्वस्त वस्तूंचे जाळे आधी विणावे लागते, हे डाउडिंग यांचे मर्म.

१९४० च्या मे महिन्यात जर्मन रणगाडे फ्रान्समध्ये घुसले. फ्रेंच सरकार आणखी विमाने मागत होते, आणि चर्चिल यांचे मन द्यायला तयार होते. मित्र बुडत असताना हात आखडता कसा घ्यायचा? डाउडिंग १५ मे रोजी मंत्रिमंडळापुढे उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पत्र लिहिले. सरळ, कोरडे, मुद्द्यांना क्रमांक घातलेले. देशाच्या रक्षणासाठी ५२ स्क्वाड्रन लागतात असे तुम्हीच ठरवले होते, आज माझ्याकडे ३६ स्क्वाड्रनइतकेच बळ उरले आहे. ही गळती चालू राहिली तर फ्रान्स तर जाईलच, इंग्लंडही जाईल, असा त्या पत्राचा मथितार्थ. बुडीत खात्यात आणखी कर्ज घालू नका, हे सांगणारा अधिकारी कोणत्याच साहेबाला आवडत नाही. पण काही दिवसांत विमाने पाठवणे थांबले.

१० जुलैपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत चाललेली ती लढाई बॅटल ऑफ ब्रिटन म्हणून आपल्याला ठाऊक आहे. डाउडिंग यांनी सगळी विमाने एकदम कधीच आभाळात सोडली नाहीत. थोडी वर, थोडी राखीव, थकलेली तुकडी मागे. विमानांचे उत्पादन खात्याचे मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी झपाट्याने वाढवले होते. स्पिटफायर निधीसाठी एका विमानाची किंमत ५,००० पौंड ठरवून लोकांकडून वर्गणी गोळा होत होती. ही वर्गणी आपल्या देशातूनही गेली. निजामाच्या देणगीची आठवण म्हणून एका स्क्वाड्रनला हैदराबादचे नाव मिळाले, आणि त्या संस्थानात तेव्हा आपला मराठवाडाही होता. पण पैशाने विमान मिळत होते, वैमानिक मिळत नव्हता. डाउडिंग यांच्या खतावणीत सर्वांत महाग वस्तू होती ती वीस-बावीस वर्षांचा, हात बसलेला मुलगा. त्या मुलांसाठी विमानाच्या काचा गोळी न शिरणाऱ्या असाव्यात म्हणून ते खात्याशी भांडले होते. त्या मुलांत त्यांचा स्वतःचा डेरेकही होता, ७४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये. लढाईत उतरलेल्या सुमारे २,९०० जणांपैकी ५४४ परत आले नाहीत. डेरेक वाचला. रोज संध्याकाळी नुकसानीचा तक्ता पाहणाऱ्या बापाने तो कसा पाहिला असेल, याची कल्पना करवत नाही.

दिवसाची लढाई जिंकली. मग रात्र आली.

७ सप्टेंबर १९४० पासून सलग ५७ रात्री लंडनवर बॉम्ब पडले. अंधारात निरीक्षकाचे डोळे निकामी. किनाऱ्याचे रडार समुद्राकडे पाहणारे, आत आलेले विमान त्याला दिसेना. तोफा होत्या, पण सप्टेंबरात एक विमान पाडायला सरासरी सुमारे २० हजार गोळे उडवावे लागत होते. आजच्या ड्रोनच्या गणितालाही लाजवील असा हा हिशेब! तरी ११ सप्टेंबरच्या रात्रीपासून तोफा मुक्तहस्ताने सुरू झाल्या, आणि तळघरांत बसलेल्या लंडनकरांना धीर आला. आपल्या बाजूनेही कुणीतरी आवाज करतो आहे, एवढ्यानेच माणसे सावरली. हा जमेचा आकडा कोणत्या रकान्यात लिहायचा, ते मला अजून कळलेले नाही.

डाउडिंग यांचे उत्तर ठरलेले होते. विमानातच बसवता येईल असे छोटे रडार आणि ते पेलणारे दोन इंजिनांचे बोफायटर विमान. ते तयार होईपर्यंत दिवसाची विमाने अंधारात पाठवून वैमानिक गमावण्यात अर्थ नाही, असे त्यांचे म्हणणे. गणित बरोबर होते, पण रोज रात्री माणसे मरत होती, आणि अजून थोडे थांबा हे उत्तर ऐकायला कुणी तयार नव्हते. त्यात सेनानींचे भांडण. कीथ पार्क थोडी थोडी विमाने पाठवत. ली-मॅलरी आणि त्यांचा तडफदार वैमानिक डग्लस बेडर यांना मोठा थवा एकदम घालायचा होता. प्रमुख म्हणून डाउडिंग यांनी हे भांडण वेळीच मिटवायला हवे होते. ते त्यांना जमले नाही. हिशेब नीट मांडला की माणसे आपोआप पटतात, अशी हिशेबी माणसाची भाबडी समजूत असते. माझीही होती.

नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांना पदावरून दूर केले. गंमत अशी, की त्याच महिन्यात, चार-पाच दिवस आधी, रडार बसवलेल्या बोफायटरने रात्री पहिले विमान पाडले होते. १९४१ च्या सुरुवातीला तोफांचे गोळे २० हजारांवरून चार हजारांच्या आसपास आले होते. त्याच वर्षी सरकारने या लढाईवर एक पुस्तिका काढली. लाखो प्रती खपल्या. तीत डाउडिंग यांचे नावच नव्हते.

जून १९४४ मध्ये आजच्या ड्रोनचा आजा इंग्लंडवर आला. जर्मनीचा व्ही-१, बिनवैमानिकाचा उडता बॉम्ब. स्वस्त पत्र्याचा, साध्या इंजिनाचा, कारखान्यातून हजारोंनी निघणारा. सुमारे दहा हजार सोडले गेले, सहा हजारांवर माणसे मेली. डाउडिंग तेव्हा निवृत्त होते. पण अडवणारी व्यवस्था मूळ त्यांचीच होती, आणि तिला जोड मिळाली किनाऱ्यावर हलवलेल्या, रडारवर चालणाऱ्या तोफांची आणि विमानाजवळ जाताच आपोआप फुटणाऱ्या गोळ्यांची. ऑगस्टअखेरीस एका दिवशी नव्वदाहून अधिक बॉम्बपैकी लंडनपर्यंत अवघे चार पोचले. तरीही ब्रिटिश हवाई खात्याने नंतर हिशेब केला तेव्हा निघाले, की जर्मनीच्या एका पौंडाला ब्रिटनचे जवळजवळ चार पौंड लागले. दोन रकान्यांत ब्रिटन हरले होते. तिसऱ्या रकान्यात लंडन होते.

मात्र अण्णांचा चौथा रकाना विसरून चालत नाही. तिजोरी मोठी आहे म्हणून रोज शंभर चोरांसाठी शंभर बंदूकधारी ठेवता येत नाहीत. एखाद्या रात्री शेकडो ड्रोन आली आणि प्रत्येकावर कोट्यवधींचे क्षेपणास्त्र उडवले, तर महिन्याभरात कोठार रिकामे, आणि मग येणाऱ्या खऱ्या क्षेपणास्त्राला अडवायला हातात काही नाही. पैशापेक्षा हे भय मोठे. युक्रेनने काय केले? खांबांवर हजारो साधे मायक्रोफोन बसवले; ड्रोनची फटफट ऐकून ते त्याची दिशा सांगतात. उघड्या टपाच्या गाड्यांवर मशीनगन चढवून फिरती पथके केली. ड्रोन पाडायला स्वस्त ड्रोनच बनवली. महाग क्षेपणास्त्र राखून ठेवले मोठ्या घावासाठी. डाउडिंग यांचे तीस हजार निरीक्षकच जणू पुन्हा कामावर रुजू झाले! २०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानने एका रात्रीत आपल्याकडच्या ३६ ठिकाणांवर ३०० ते ४०० ड्रोन सोडल्याचे आपल्या सरकारने सांगितले. तेव्हा आधुनिक क्षेपणास्त्रांच्या जोडीला कामी आल्या त्या एल-७० सारख्या कितीतरी दशकांपूर्वीच्या, नवी दृष्टी बसवलेल्या तोफा. जुने भांडे कल्हई करून ठेवणारी गृहिणी हे मर्म चटकन ओळखेल.

निवृत्तीनंतर डाउडिंग यांना १९४३ साली सरदारकी मिळाली. हवाई दलातली सर्वोच्च पदवी मात्र कधीच दिली गेली नाही. तक्रार त्यांनी जाहीरपणे केली नाही. ते अध्यात्माकडे वळले. युद्धात गेलेली आपली मुले कुठेतरी आहेत आणि त्यांच्याशी संवाद होतो, अशी त्यांची श्रद्धा होती. लोक हसले. मला हसू येत नाही. ज्याने पाचशेच्या वर नावे आपल्या सहीने खर्ची टाकली, त्याला ती खाती बंद झाली असे मानणे जड गेले असेल. ते शाकाहारी झाले, आणि लॉर्ड्सच्या सभागृहात मुक्या जनावरांच्या हालांविरुद्ध बोलत राहिले. १९५१ साली त्यांनी म्यूरिएल यांच्याशी लग्न केले. त्यांचा हवाई दलातला पती युद्धात गेला होता. या म्यूरिएल यांनी पुढे १९५९ मध्ये ब्यूटी विदाउट क्रुएल्टी ही प्राणिमित्र संस्था काढली. तिची भारतीय शाखा १९७४ पासून आपल्या पुण्यात काम करते आहे. इंग्लंडचे आभाळ राखणाऱ्या माणसाच्या घरातला एक धागा असा आपल्या अंगणापर्यंत आला.

१९६८ साली त्या लढाईवर चित्रपट तयार होत होता. लॉरेन्स ऑलिव्हिए डाउडिंग यांची भूमिका करत होते. चित्रीकरण पाहायला खुद्द डाउडिंग चाकांच्या खुर्चीतून आले. १५ फेब्रुवारी १९७० रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या अस्थी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये, हवाई दलाच्या छोट्या प्रार्थनागृहात ठेवल्या आहेत. त्या लढाईच्या दिवसांत मरण पावलेल्या वैमानिकांच्या नावांची वहीही तिथेच असते. हिशेबनीस आणि त्याची वही, एकाच खोलीत.